नटाला जरूर भेटा, पण—

दिवाळीच्या सुटीत घरी चार माणसे जमली, चकलीचा डबा उघडला आणि गोष्ट नाटकावर आली, की एक वाक्य हटकून कानी पडते. ते म्हणणारे गृहस्थ बहुधा वयाने वडील असतात, बहुधा त्यांनी एकेकाळी पुष्कळ नाटके पाहिलेली असतात, आणि बहुधा त्यांच्या तोंडात त्या वेळी चकली असते. ते म्हणतात, “नटाला रंगभूमीवरच पाहावे. रंग उतरल्यावर त्याला भेटायला जाऊ नये. भ्रमनिरास होतो!” मंडळी माना डोलावतात. कुणी तरी दुरून डोंगर साजरे करतो. विषय संपतो.

मला हे वाक्य मुळीच मान्य नाही. याच्याइतके आळशी, भित्रे आणि कृतघ्न वाक्य मराठी प्रेक्षकाने दुसरे रचले नसेल. आणि याच्या अगदी उलट वागणारे जे नवे लोक आहेत, हातात मोबाईल परजून रंगपटात घुसणारे, त्यांचेही मला पटत नाही. तेव्हा आज दोन्ही आघाड्यांवर भांडायचे आहे. मी खेड्यातल्या शाळेत चित्रकला शिकवणारा, शिक्षणाने मॅट्रिक, दोन-तीन कादंबऱ्या छापून आल्या म्हणून संपादक ‘लिहा’ म्हणतात. नाट्यशास्त्र मला ठाऊक नाही. पण या खटल्यात मी फिर्यादीही आहे आणि आरोपीही आहे. एवढा अधिकार पुरे व्हावा.

१९९७ साली मी सतरा वर्षांचा होतो. दहावी होऊन (आमच्या घरात तिला मॅट्रिकच म्हणत) चित्रकलेच्या शिक्षकपदविकेसाठी कोल्हापुरास येऊन राहिलो होतो. चौघांत एक खोली. खाणावळीत रोजचे रोख पैसे मोजून जेवायचे. अशात केशवराव भोसले नाट्यगृहाबाहेर एका नाटकाचा फलक लागला आणि त्यावर एक नाव दिसले. ते नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ऐकत म्हणजे खरोखरच ऐकत. कारण आमच्या गावी नाटक येत नसे, सांगली केंद्रावरून नभोनाट्य येई. आई चुलीपुढे भाकऱ्या थापी, वडील फळीवरचा रेडिओ या कुशीवरून त्या कुशीवर वळवून खरखर कमी करू पाहत, आणि त्या खरखरीतून तो आवाज येई. त्या आवाजाला चेहरा कसा असेल, याची मी पाटीवर कितीदा तरी चित्रे काढली होती.

तो नट कोण, हे मी सांगणार नाही. सांगितले, तर तुम्ही त्यांच्या आठवणींत रमाल आणि माझे भांडण बाजूला राहील.

दोन दिवसांची खाणावळ बुडवली आणि बाल्कनीचे तिकीट काढले. ज्यांनी ते नाट्यगृह पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाहू महाराजांनी ते बांधून घेतले. १९१५ साली ते उभे राहिले तेव्हा त्याचे नाव ‘पॅलेस थिएटर’ होते. केशवरावांचे नाव त्याला पुढे मिळाले. त्याला लागूनच खासबागेचे कुस्तीमैदान. म्हणजे भिंतीच्या अलीकडे नांदी आणि पलीकडे शड्डू. अशी शेजारधर्माची कल्पना कोल्हापूरच्या राजालाच सुचावी!

नाटक साधेच, एका निवृत्त हेडक्लार्कचे होते. तिसऱ्या अंकात मुलगा आणि सून, फार गोड शब्दांत, त्याला घराबाहेर काढतात. म्हातारा पिशवी उचलतो. चपला घालतो. दारापर्यंत जातो. आणि तिथे थबकून, जन्मभराच्या सवयीने, हात वर करून दिव्याचे बटण बंद करतो. खोलीत मुलगा आणि सून उभी आहेत, हे त्याच्या ध्यानीमनीही नाही! ती दोघे अंधारात. मग तो जातो. माझ्या शेजारी पैलवानी अंगाचे एक गृहस्थ बसले होते. पहिले दोन अंक त्यांनी शेंगा खाल्ल्या होत्या. त्यांनी पुडी खाली ठेवली आणि तोंडाला रुमाल लावला.

ते बटण लेखकाने लिहिले होते, दिग्दर्शकाने सुचवले होते, की नटाला आपले आपणच सापडले होते? पडदा पडला तरी माझ्या डोक्यात तो एकच प्रश्न फिरत राहिला. विचारायचेच, असे ठरवून मी रंगपटाच्या दाराशी गेलो. दारावर एक राखणदार होता.

“काय रं, कुठं निघालास?”

“आत… त्यांना…”

“नाटक झालं आता. भाईर चल.”

इतक्यात आतून एक पोरगा चहाची रिकामी किटली घेऊन निघाला, राखणदार त्याला वाट द्यायला बाजूला सरला, आणि मी त्याच वाटेने आत गेलो. हे बरोबर केले असे मी म्हणत नाही.

आरशाभोवती दिवे होते. त्यांतले दोन गेलेले. खुर्चीवर बंडी घातलेले एक गृहस्थ कापसाच्या बोळ्याने, खोबरेल तेल लावून, कपाळावरच्या सुरकुत्या पुसत होते. बंडीला काखेत भोक होते. अर्धा चेहरा त्या म्हाताऱ्याचा, अर्धा त्यांचा. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बोल.”

वाचकहो, मी वाक्य पाठ करून गेलो होतो. बाल्कनीचा जिना उतरताना तीनदा म्हणून पाहिले होते. ‘तिसऱ्या अंकातले दिव्याचे बटण आपणांला कसे सुचले?’ मोजून सात शब्द. पण ज्या आवाजाने माझे सारे बालपण व्यापले होते तो आवाज मलाच उद्देशून ‘बोल’ म्हणाला, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. तळहातांना घाम सुटला. काही तरी बोलणे भाग होते. तेव्हा दोन दिवसांच्या उपाशी पोटातून जे वर आले ते असे:

“तुम्ही जेवलात का?”

ते हसले नाहीत. बोळा खाली ठेवून त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “नाही अजून. तू जेवलास?”

“हो.”

सतरा वर्षांच्या पोराचे खोटे पकडायला एवढा मोठा नट कशाला हवा! त्यांनी कुणाला तरी हाक मारली, “अरे, याला वडा द्या. दोन द्या.” मी ते दोन वडे त्यांच्यासमोर उभ्याने खाल्ले. नमस्कार केला. बाहेर पडलो. प्रश्न तसाच राहिला.

पुढे ते नाटक पुस्तकरूपाने मिळते का, हे पाहायला मी करवीर नगर वाचन मंदिरात गेलो. मिळाले. तिसऱ्या अंकाचे पान काढले. तिथे कंसात एकच शब्द छापला होता: ‘जातो.’ बटणाचा उल्लेखही नव्हता. म्हणजे ते लेखकाचे नव्हते, एवढे तरी कळले. पुढचे कळायचे राहूनच गेले. ते नट आता हयात नाहीत. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्या पुरस्कारांची यादी आली, भूमिकांची यादी आली, शोक व्यक्त करणाऱ्या पुढाऱ्यांची यादी तर फारच लांब आली. बटण कुठेही नव्हते.

आता चकलीवाल्या गृहस्थांनी मला सांगावे, माझा कोणता भ्रम निरसला? बंडीला भोक होते, मान्य. माणूस दमलेला होता, खोकत होता. पण त्या खोकणाऱ्या माणसाने दहा मिनिटांपूर्वी एका पैलवानाच्या हातातून शेंगांची पुडी सोडवली होती, हे मला त्या भोकाकडे पाहूनच नीट कळले. तोवर मला वाटत होते की, नटाच्या अंगात काही तरी येते, देवऋषाच्या अंगात येते तसे. तो भ्रम गेला असेल तर बरेच झाले. त्याच्या जागी एक कष्टाचे काम दिसू लागले. सुतार रंधा मारून झाल्यावर भुशात बसून विडी ओढतो, म्हणून कुणी टेबलाविषयी भ्रमनिरास करून घेत नाही. नटाच्याच बाबतीत आपण एवढे नाजूक का व्हावे?

पण माझा खरा राग निराळ्याच गोष्टीचा आहे. ‘भेटू नये’ म्हणणाऱ्यांना हे कळत नाही की, नाटकाचे काहीही मागे उरत नाही. सिनेमा उरतो, कादंबरी रद्दीत का होईना पण उरते. नाटकाचा प्रयोग त्या रात्री पडद्याबरोबर संपतो. दुसऱ्या रात्रीचा प्रयोग दुसरा. मग मागे काय राहते? जे कुणी पाहिले आणि बोलून दाखवले, तेवढेच.

भाऊराव कोल्हटकरांचे घ्या. ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले आणि त्यांच्या सुभद्रेने महाराष्ट्र वेडा केला, असे आपण म्हणतो. कशावरून म्हणतो? भाऊराव १९०१ साली गेले. हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी गाणी मुद्रित होऊ लागली ती १९०२ च्या अखेरीस, कलकत्त्यास. पुरती दोन वर्षेही नाहीत, तेवढ्याने चुकामूक झाली. त्या गळ्यातला एक स्वर आज कुणाकडे नाही. जे आहे ते ऐकणाऱ्यांनी आपल्या मुलांना सांगितले, त्यांनी नातवंडांना सांगितले, कुणी आठवणींत लिहून ठेवले. त्यांतल्या कित्येकांना नीट सांगताही आले नसेल. ‘काय गायचे हो!’ एवढेच म्हणून डोळे पुसले असतील. मराठी रंगभूमीचा अर्धाअधिक इतिहास अशा अडखळणाऱ्या माणसांच्या साक्षीवर उभा आहे.

किंवा ८ जुलै १९२१ चा तो संयुक्त ‘मानापमान’ घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक, एका रंगमंचावर उभे राहिले. भामिनी एकाची, धैर्यधर दुसऱ्याचा. पुढे तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले; वय अवघे एकतीस. शंभर वर्षे उलटून गेली तरी त्या रात्रीची गोष्ट निघते, ती सांगणारे होते म्हणून. ‘आम्ही नटाला रंगपटाबाहेर ओळखत नाही’ असा बाणा त्या प्रेक्षकांनी बाळगला असता, आणि घरी जाऊन मुकाट्याने ताक-भात खाऊन झोपले असते, तर आज आपल्यापाशी काय असते?

तेव्हा जा, भेटा. घाम फुटू द्या, जीभ अडखळू द्या. नटापुढे उभे राहून ज्याची बोबडी वळत नाही त्याने नाटक पाहिलेच नाही, असे मी म्हणेन.

आता दुसरी आघाडी.

पूर्वीचे चाहते सगळे सोवळे होते, असा माझा दावा नाही. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेली लुगडी पाहून घरोघर तशीच लुगडी घेण्याचे हट्ट झाले. त्यात कलेची जाण किती आणि हौस किती, देव जाणे. १९६६ मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’ आले तेव्हा डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या लाल्याला सिनेमाच्या पडद्यासारख्या शिट्ट्या पडल्या, आणि नाक मुरडणाऱ्यांनी नाकेही मुरडली. मी त्या शिट्टीच्या बाजूचा आहे. शिट्टी मारणाऱ्याने निदान प्रवेश पाहिलेला असतो. नेमकी कुठे मारायची, हे त्याला कळावे लागते!

फोटो काढणाऱ्याला काही कळावे लागत नाही. डॉ. श्रीराम लागूंनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ असे नाव दिले. नाटककाराचा माल प्रेक्षकांच्या दारी वाहून नेणारा तो नट, तो लमाण, असा त्यातला भाव. एवढ्या मोठ्या नटाने स्वतःला हमालाच्या रांगेत बसवावे, यातच सगळे आले. पण आजचा प्रकार असा आहे की, लमाण डोंगर ओलांडून आला, पाठीवरचे पोते त्याने आपल्या दारी उतरवले, आणि आपण पोत्याकडे ढुंकूनही न बघता त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणालो, “जरा हसा!”

ही नुसती पोरासोरांची खोड नाही. प्रतिष्ठितांनीच ही वाट पाडली आहे. तालुक्याच्या गावी प्रयोग असला की मध्यंतरात स्थानिक मान्यवर रंगमंचावर चढतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि वीस मिनिटे भाषण. दुसऱ्या अंकात ज्याला हृदयविकाराचा झटका आलेला आहे तो नट, कपाळावर रंगाचा घाम तसाच ठेवून, उभ्याने सत्कार स्वीकारतो, आणि तिसऱ्या अंकात पुन्हा खाटेवर जाऊन निजतो. समोरच्या पोरांनी नुकतीच त्या मरणाऱ्या माणसासाठी आसवे गाळलेली असतात. ती बघतात, मरणारा माणूस नारळ घेऊन ठणठणीत उभा आहे! भाषण करणाऱ्याला या गोष्टीची लाज वाटत नाही. त्याचा फोटो निघत असतो.

आणि प्रेक्षागृहातल्या मोबाईलविषयी तर बोलायलाच नको. २०१९ साली सुबोध भावे यांनी, प्रयोग चालू असताना मोबाईल असेच वाजत राहणार असतील तर आपण नाटकात काम करणे सोडू, असे जाहीरपणे म्हटले. चार दिवस चर्चा झाली. चर्चा मोबाईलवरच झाली.

आता आरोपीच्या पिंजऱ्यात येतो.

२०२३ साली आमच्या शाळेची बावीस मुले घेऊन मी त्याच केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकाला गेलो. मनात हेतू उत्तम होता. ज्या जागेने मला काही दिले ती जागा मुलांना दाखवावी. प्रयोग छान झाला. शेवटी ध्वनिवर्धकावरून घोषणा झाली, कलाकार रंगमंचावरच थांबतील, ज्यांना फोटो काढायचे आहेत त्यांनी रांगेने यावे. रांग कसली? दहीहंडीला लोटतात तसे लोक लोटले. मुख्य भूमिका करणाऱ्या बाई मधोमध उभ्या होत्या. अडीच तास काम करून दमल्या होत्या. एक पाय दुखत असावा, कारण शरीराचा भार त्या दुसऱ्या पायावर टाकत होत्या. मी चित्रकलेचा शिक्षक. माणूस कसा उभा आहे हे माझ्या डोळ्यांना आधी दिसते. मला दिसले होते, हे मी मुद्दाम नमूद करून ठेवतो.

आणि तरीही, माझी पाळी आल्यावर, मी म्हणालो, “बाई, जरा इकडे बघा!”

त्यांनी इकडे बघितले. हसल्या. फोटो निघाला. मागच्याने मला ढकलले. त्यांच्या भूमिकेविषयी एक अक्षर मी बोललो नाही. सतराव्या वर्षी बोलू शकलो नव्हतो, कारण शब्द फुटला नव्हता. त्रेचाळिसाव्या वर्षी बोललो नाही, कारण बोलायचे सुचलेसुद्धा नाही. निदान ‘जेवलात का?’ तरी विचारायचे!

परतताना गाडीत मुले आपापले फोटो मोजत होती. मी विचारले, “नाटकात काय आवडलं रे?” एक जण म्हणाला, “सगळंच.” दुसरा म्हणाला, “बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.” रात्री तो फोटो शिक्षकांच्या गटावर गेला. अंगठे आले, फुले आली, ‘अभिनंदन सर’ आले. नाटक कोणते होते, असे एकानेही विचारले नाही. पुढे शाळेच्या वार्षिक अहवालात हेडमास्तरांनी तो फोटो छापला आणि खाली मजकूर घातला: ‘नाट्यकलावंतांची शाळेस सदिच्छा भेट.’ गेलो होतो आम्ही!

नाटकाचे निर्माते यावर म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, की हे फोटो म्हणजे आमची फुकटची जाहिरात आहे. बस, टेम्पो, भाडे, सगळे महाग. एका फोटोने चार तिकिटे खपली तर तुमच्या पोटात का दुखते? दुखते अशासाठी की, फोटो पाहून जे येतात ते फोटोसाठीच येतात. ते तिसऱ्या अंकात घड्याळ पाहू लागतात. नाटक हा त्यांच्या लेखी लग्नातल्या मंगलाष्टकांसारखा प्रकार होतो. पंगत नंतर आहे, तोवर उभे राहायचे. आणि पंगतीत वाढायला, दुखऱ्या पायावर, नटच उभा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. मी त्या आठवड्यात कोल्हापुरास गेलो. रंगमंच जळून गेला होता. रस्त्यावर लोक उभे होते आणि अनोळखी माणसे एकमेकांशी बोलत होती. मी कुठे बसायचो, वडिलांबरोबर कोणते नाटक पाहिले, कोणत्या प्रवेशाला वीज गेली आणि नटाने बत्तीच्या उजेडात काम कसे पुढे रेटले. एक रिक्षावाले दादा एका नाटकातला मेल्या बापाचा प्रवेश हातवारे करून सांगत होते, आणि इतके छान सांगत होते की दोन पोलीस ऐकत उभे राहिले.

मला वाटले, आपल्यापाशीही या रंगमंचाचे काही असेल. मोबाईल काढला. तो २०२३ चा फोटो सापडला. त्यात बाई आहेत, मी आहे, शाळेचे आणखी तीन शिक्षक आहेत. मागे तो रंगमंच असणार. पण आमच्या पाच डोक्यांमागे त्याची हातभर फळीसुद्धा दिसत नाही. एक कोपरा तेवढा उरला होता, तिथे कुणाची तरी पाण्याची बाटली आहे.

दिव्याचे ते बटण मात्र मला आजही कागदावर काढून दाखवता येईल. दाराच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या वर. बटणाखाली बोटांच्या मळाचा डागसुद्धा रंगवलेला होता.

तेव्हापासून मी शाळेत एक जुलमी नियम केला आहे. मुलांना नाटकाला नेतो. मोबाईल गाडीतच, माझ्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला, नाटकातला एक क्षण आठवून काढायचा. हुबेहूब नसला तरी चालेल. आणि प्रयोगानंतर ज्याला नटाला भेटायचे असेल त्याने मध्यंतरात मला येऊन सांगायचे की, तो काय विचारणार आहे. प्रश्न नाटकातला हवा. ‘तुमचे वय काय’, ‘मालिकेत कधी दिसणार’ हे चालणार नाही. आधी नाटकमंडळींच्या व्यवस्थापकाची परवानगी काढतो, मगच पोरांना आत सोडतो, एकावेळी तीन. पालक कुरकुरतात. एक जण म्हणाले, “सर, एखादा फोटो काढला असता तर पोराला आयुष्यभर आठवण राहिली असती.” मी म्हणालो, “पोराला विचारा, काय आठवतं.” ते रागावून गेले. रागावोत बापडे.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावी एक नाटक आले. त्यात एक आई आपल्या ट्रंकेतून जुने पत्र काढते आणि तीन अंकांत तीनदा वाचते. मजकूर प्रेक्षकांना कधीच कळत नाही. मध्यंतरात आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. ही मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते. म्हणाली, “मी विचारणार हाय सर.” काय, ते कानात सांगितले. मी परवानगी दिली.

आई झालेल्या बाई रंगपटात पिना काढत बसल्या होत्या. मुलगी पुढे गेली आणि थिजली. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळू लागली. मला प्रॉम्प्टर होण्याची अशी काही ऊर्मी आली म्हणता! ओठ दाताखाली दाबून गप्प उभा राहिलो. बाईंनीही घाई केली नाही. हातातली पीन बशीत ठेवली आणि मुलीकडे बघत बसल्या. बाहेर सेट उतरवणाऱ्यांची ठोकाठोक चालली होती.

“त्या पत्रात,” मुलगी शेवटी म्हणाली, “खरंच काय लिवलंय, का कोरंच हाय?”

बाई क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, “इतके प्रयोग झाले गं, हे कुणी विचारलं नव्हतं.” त्यांनी एका पोराला हाक मारून ट्रंक आणवली. पत्र काढले, उलगडले, आणि ते फक्त मुलीला दिसेल असे धरले. मुलगी ओठ हलवत वाचू लागली. वाचायला बराच वेळ लागला. म्हणजे कोरे नव्हते.

गाडीत मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. मास्तर असल्याचा सगळा रुबाब बाजूला ठेवून विचारले, “काय गं होतं पत्रात?”

तिने खिडकीबाहेर बघितले.

“सांगायचं न्हाई असं ठरलंय सर, बाईंचं आणि माझं.”